पोर ऐकत नाही

आमच्या क्लासला नाव नव्हतं. धामणकर नाक्याच्या आसपास कोणालाही विचारलं असतं तर 'मिलिटरीवाल्या सरांचा क्लास ना?' म्हणून त्याने रस्ता दाखवला असता. गंमत अशी की मी मिलिटरीत एक दिवसही नव्हतो. हायस्कूलमध्ये गणित शिकवायचो. बंदूक म्हणाल तर शाळेच्या परेडसाठी सुताराकडून करून घेतलेली लाकडी, तेवढीच काय ती हाताळलेली. पण भिवंडीत एकदा नाव पडलं की पडलं. सासुरवाडीला गेलो की तिथले म्हातारे मला 'किती दिवसांच्या रजेवर?' असं विचारायचे. मीही 'पंधरा दिवस' म्हणून मोकळा व्हायचो.

हा उद्योग मी सुरू केला तो मनातल्या एका जुन्या ठसठशीमुळे. बारावीनंतर परीक्षा देऊन थेट लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत जाता येतं, तीन वर्षं तिथे शिकता येतं आणि मग अधिकारीपदाचं कमिशन मिळतं, हे मला कळलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि वय उलटून गेलेलं होतं. आमच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या ओट्यावर, पोलीसभरती, रेल्वेभरती, पालिकेच्या जागा, सगळ्याची चर्चा व्हायची. सैन्यात शिपाई म्हणून गेलेलेही दोघेतिघे होते. पण आपला पोरगा साहेब म्हणून जाऊ शकतो हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मी खूप हळहळलो होतो. पुढे मास्तर झालो तेव्हा ठरवलं, की आपल्या हाताखालच्या पोरांना हे आठवीतच कळलं पाहिजे.

आठवीतच का, तर त्या अकादमीला तीन दरवाजे आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या किल्ल्यांनी उघडतात. पहिली लेखी परीक्षा, त्यात गणित, इंग्रजी आणि सामान्यज्ञान. गणित माझ्या हातातलं. दुसरं निवड मंडळ. तिथे पाच दिवस मुलाला उठता-बसता पारखतात. चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, आठ-दहा जणांना गोलात बसवून वाद घालायला लावतात, दोर आणि फळ्या देऊन नाला ओलांडायला सांगतात. तिसरी वैद्यकीय तपासणी. यातलं काहीही बारावीच्या सुट्टीत करून होत नाही. इंग्रजीला चार वर्षं लागतात. बोलायची भीड मोडायला त्याहून जास्त. आणि शरीर तर शरीरच आहे. उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना चिकटणारा पोरगा आठवीत सापडला तर सायकल आणि व्यायामाने काही होईल अशी आशा धरता येते, बारावीत सापडला तर फक्त 'अरेरे' म्हणता येतं.

म्हणून मी जूनमध्ये नवीन पोरं घेताना त्यांना गुरांच्या बाजारासारखं तपासायचो. दात मोजायचे. पाय ओले करून फरशीवर उभं करायचं आणि तळव्याचा ठसा बघायचा, मध्ये खळगा दिसला तर ठीक, अख्खा पाय उमटला तर सपाट तळवा. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून एकेक डोळा झाकायचा. रंगांसाठी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली रिळं. एका पोराने हिरव्या रिळाला तपकिरी म्हटल्यावर त्याच्या आईने मलाच सुनावलं होतं, की आमच्या घरी याला तपकिरीच म्हणतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक बाप दर महिन्याला यायचा आणि दार लोटून घेऊन विचारायचा, सर, वर कोणाशी बोलायला लागतं? वर कोणी नाही, परीक्षाच आहे, असं सांगितलं की तो समजूतदारपणे डोळे मिचकावून निघून जायचा. गिऱ्हाईक नव्हेत, पण तसेच नमुनेदार आमचे अन्सारी शेठ. त्यांचा कापडाचा मोठा व्यवहार, आणि गोदामाच्या मागे रिकामी जागा. ती त्यांनी आम्हाला सकाळच्या व्यायामाला दिली होती. त्यांचा स्वतःचा मुलगा क्लासला नव्हता, पण ते खुर्ची टाकून आमची कवायत बघत चहा प्यायचे. गटचर्चेची तालीमही तिथेच व्हायची. भिवंडीच्या पोरांची अडचण बोलण्याची नव्हतीच, थांबण्याची होती. सगळे एकदम आणि वरच्या पट्टीत. शेठ म्हणायचे, 'मास्टरसाब, ये तो मंडी हो गई.'

आता दिनेशबद्दल लिहितो. खरं तर त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो आहे.

दिनेश भोईर कोन गावाच्या बाजूचा. वडील बाळारामभाऊ मूळचे शेतकरी. रस्त्यालगतच्या जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड उभारून साचे टाकले होते. साचा म्हणजे कापड विणायचा लूम. भिवंडीबाहेरच्या माणसाने साच्यांचा आवाज ऐकला नसेल तर त्याला सांगून कळायचा नाही. लाकडाचा धोटा दोन्ही बाजूंना आपटत धावत असतो, आणि असे डझनभर साचे एका पत्र्याखाली. आत माणूस माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो, नाहीतर हाताने खुणा करतो आणि ओठ बघून समजून घेतो. भोईरांचं घर शेडला लागून, मधे एकच भिंत. दिनेश तिथेच रांगला, तिथेच धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला शिकला आणि तिथेच सुताच्या पोत्यावर बसून अभ्यास करायचा.

मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा हे बघून चाट पडलो. एवढ्या खडखडाटात पोरगा मान खाली घालून गणितं सोडवतोय. मी बाळारामभाऊंना म्हटलं, याला शांत जागा नाही का? ते अभिमानाने ओरडून म्हणाले, "लढाईत काय शांत असतंय का, सर?" मला ते उत्तर फार आवडलं. पुढे कित्येक वर्षं मी ते क्लासमध्ये सांगायचो.

पोरगा हिरा होता. आठवीत आला तेव्हाच उंच, पाठ सरळ, तळव्याला खळगा, डोळे घारीचे. गणितात मला त्याला फार शिकवावं लागलं नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसायचा आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघत ऐकायचा. पाठमोरा होऊन फळ्यावर लिहिता लिहिता बोलायची मला सवय, तर म्हणायचा, 'सर, इकडे बघून सांगा ना.' मी इतरांना सांगायचो, बघा, लक्ष असं असावं.

आणि आवाज! परेडला 'सावधान' म्हणाला की समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत यायच्या. सैन्यात अधिकाऱ्याच्या हुकमाला फार महत्त्व, हे मी पुस्तकात वाचलेलं. इतर पोरं हुकूम देताना घाबरत पुटपुटायची, आणि हा तर जन्मतःच अधिकारी. प्रजासत्ताक दिनाला परेड त्याचीच. अन्सारी शेठ तर त्याच्यावर फिदा होते. म्हणायचे, 'लडका नहीं, शेर है.'

एकच गोष्ट अडायची, इंग्रजी उच्चार. 'शिप' आणि 'सिप' त्याला एकच वाटायचं. 'फिफ्टी' आणि 'फिफ्टीन'मध्ये गफलत. शब्दाच्या शेवटचा 'स' तो खाऊनच टाकायचा. मी म्हणायचो गावाकडची जीभ आहे, वळेल हळूहळू. चार वर्षं मी ती जीभ वळवत होतो. आरशासमोर उभं करून, जिभेचं टोक कुठे लागतं ते दाखवून. बघून त्याने ते शिकूनही घेतलं. आता आठवलं की वाटतं, अरे, जिभेकडे एवढं बघितलंस, जरा वर बघायचं होतंस.

दिनेशची आई एकदा शाळेत आली होती, तो नववीत असताना. बाई कधी शाळेची पायरी चढली नव्हती, त्या दिवशी चढली. म्हणाली, "सर, माजा पोर आयकत न्हाय हो. मागनं धा हाका मारल्या तरी वलून बगत न्हाय. तुमी तरी बगा."

मी हसलो. या वयात कुठलं पोर आईचं ऐकतं, असं म्हणालो. सैन्यात गेला की एका हाकेला उभा राहील, काळजी नको वहिनी. समोरून दिनेश आला तेव्हा मी त्याला तिच्यादेखत दटावलं, आईचं ऐकत जा म्हणून. तो ओशाळून 'हो सर' म्हणाला. वहिनी समाधानाने गेल्या की असमाधानाने, ते मी पाहिलं नाही.

बारावीच्या वर्षी दिनेश लेखी पास झाला. मग निवड मंडळाचं बोलावणं आलं. मुलाखतीचा सराव मी त्याला टेबलापलीकडे समोरासमोर बसवून दिला होता, गटचर्चेत सगळे गोलात आणि मोठ्याने बोलणारे. सगळं त्याच्या सोयीचं. जाताना बाळारामभाऊ स्टेशनवर आले नाहीत, शेडवर कारागीर कमी होते. मी गेलो.

सहाव्या दिवशी दुपारी अन्सारी शेठच्या ऑफिसच्या फोनवर दिनेशचा ट्रंककॉल आला. आमच्या कोणाच्याच घरी फोन नव्हता. तो एवढंच ओरडला की निवड झाली आहे, आता वैद्यकीय तपासणीसाठी लष्करी रुग्णालयात थांबवलंय, चारपाच दिवसांनी येतो. शेठनी माणूस पाठवून मला वर्गातून बोलावून घेतलं. मी तास अर्धा टाकून गेलो. त्यांनी मला मिठी मारली आणि थेट नाक्यावर नेऊन पेढ्यांचं दुकान रिकामं केलं. रिक्षावाल्यांना, हमालांना, ओळखीच्या-बिनओळखीच्यांना ते स्वतः वाटत होते. 'अपनी भिवंडी का पहला अफसर है, मुँह मीठा करो.' मला लोक हात मिळवत होते. आपण काहीतरी करून दाखवलं असं मला आयुष्यात त्या दिवशी जेवढं वाटलं तेवढं पुन्हा कधी वाटलं नाही.

संध्याकाळी कोनला गेलो. बाळारामभाऊंनी साचे बंद केले नाहीत, पण कारागिरांना पेढे दिले. वहिनी पदर तोंडाला लावून रडल्या. वैद्यकीयची मला अजिबात धास्ती नव्हती. डोळे, दात, पाय, छाती, सगळं मी स्वतः तपासलेलं होतं.

दिनेश आला तो थेट माझ्या घरी. चपला काढून उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, "सर, कानात काढलं." मला आधी कळलंच नाही. कानात मळ असेल, फोड असेल, चार दिवसांत बरं होईल, असं मी बडबडत राहिलो. त्याने मान हलवली. दोन्ही कान, म्हणाला.

यावर अपील करता येतं. दुसऱ्या तपासणीची सोय असते. आम्ही लगेच ठाण्याच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, दिनेश, बाळारामभाऊ आणि मी. डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून यंत्राने ऐकण्याची तपासणी केली. मग कागदाकडे बघत विचारलं, घरात काही आवाजाचा धंदा आहे का? बाळारामभाऊ काही बोलले नाहीत. मला वाटलं त्यांना लाज वाटली. तेवढ्यात दिनेश त्यांच्या तोंडासमोर वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "बाबा, ते साच्याचं इच्यारतात." तेव्हा ते म्हणाले, "हा, हायत ना. बारा हायत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग चांगल्या मोठ्या आवाजात समजावून सांगितलं. कानाच्या आतली नस आवाजाने मारली गेली आहे. जाडे, मोठे आवाज येतात, बारीक आवाज येत नाहीत. स, श, फ, कुजबुज, पाखरांचा आवाज, हे सगळं याचं लहानपणीच गेलं असावं. औषध नाही, ऑपरेशन नाही. माणूस मोठ्याने बोलतो कारण त्याला स्वतःचाच आवाज कमी येतो. आठवी-नववीत कोणी आणला असता तर गेलेलं परत आलं नसतं, पण शेडपासून लांब ठेवून राहिलेलं वाचवता आलं असतं. बाळारामभाऊंना म्हणाले, तुमचेही तपासून घ्या. ते म्हणाले, मला काय झालंय?

एस.टी.ने कोनला परतलो. घरी वहिनी दारात उभ्या होत्या. मी त्यांना सांगू लागलो की वहिनी, दिनेशच्या कानांना कमी ऐकू येतं, लहानपणापासूनच. त्यांनी माझं बोलणं पुरतं होऊ दिलं नाही.

"मी तुमाला सांगाला आलती ना सर," त्या म्हणाल्या, "आयकत न्हाय म्हनून."

मी तिथे ओट्यावर बसलो. बाई तक्रार घेऊन आली नव्हती, ती दुखणं घेऊन आली होती. आपल्या मराठीत 'ऐकत नाही' म्हटलं की आपण पोराला रागावतो. तो शब्द सरळ, जसा आहे तसा, कानांबद्दल असू शकतो, हे ती शाळेत आली त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं नाही. तिच्या घरात नवरा ऐकत नव्हता, पोरगा ऐकत नव्हता, कारागीर ऐकत नव्हते. तिने ज्याला शिकलेला समजून सांगितलं त्यानेही ऐकलं नाही. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं, आणि त्याला उतारा सापडलेला नाही.

अपील केलंच नाही. शेठनी विचारलं तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी आपल्याच मुनीमाला लांबून हळू आवाजात हाक मारून बघितली. मुनीम हिशेब लिहीत राहिला. शेठ मला म्हणाले, 'यहाँ तो सबका यही हाल है, मास्टरसाब.' तेव्हा लक्षात आलं की दिनेशचा दोष कोणालाच का दिसला नाही. ज्या गावात सगळेच ओरडून बोलतात, तिथे कमी ऐकणारा माणूस वेगळा कसा दिसणार? पुण्यात किंवा नाशिकला असता तर शेजाऱ्याने दुसरीतच पकडला असता.

पुढच्या जूनपासून मी ठाण्याच्या त्या डॉक्टरांना विचारून नवीन पोरांचे कान तपासायला लागलो. कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, गावात जरा शांतता असताना, पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, एक कान बोटाने बंद करायला लावायचं, आणि वीसेक फुटांवरून कुजबुजत शब्द बोलायचे, त्याने ते परत म्हणायचे. वेताळपाड्याकडची, शांतीनगरची, साच्यांच्या गल्ल्यांतली पोरं. काही धडाधड सांगायची. काही चुकीचे शब्द सांगायची. काही नुसतीच उभी राहायची. त्यांच्या आईबापांना बोलावून मी सांगायचो, पोराला शेडमध्ये बसवू नका, कानात कापूस घालायला लावा. बहुतेक जण मान डोलवायचे. पण शेडच घर असेल तर पोराला बसवायचं कुठे, हे मला कोणी विचारलं नाही. पुढच्या काळात क्लासमधून दोन पोरं अकादमीत गेली. एक शिंप्याचा, एक पोस्टमनचा. दोघांच्याही घरात साचा नव्हता. नव्वदच्या पुढे क्लास आटत गेला आणि मी तो बंद केला. लोक म्हणाले सर थकले. तसं म्हणा हवं तर.

दिनेशने बी.कॉम. केलं. बापाच्या शेडवर तो पुन्हा बसला नाही, एवढी एक गोष्ट माझ्या सांगण्यावरून झाली. तिकडे गोदामं उभी राहायला लागली होती, त्यातल्या एकात तो सुपरवायझर झाला. माणसं त्याला मानतात. आवाज अजून तसाच, ट्रकच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा.

त्या तपासणीत नक्की काय झालं ते मी त्याला कधी विचारलं नव्हतं. धीर होत नव्हता. क्लास बंद झाल्यावर एका दुपारी त्याच्या गोदामावर गेलो होतो. त्याने चहा मागवला, खुर्ची माझ्या समोर ओढून घेतली. मी हळूच विषय काढला. म्हणजे मला हळूच वाटला, पण त्याच्यासाठी मोठ्यानेच काढावा लागला.

तो हसला. म्हणाला, "सर, त्यांनी मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. म्हणाले, मी मागून शब्द बोलेन, तो परत म्हणायचा. तुम्ही सांगितलेलं ना, हुकूम येईपर्यंत हलायचं नाही. मी एकदम सावधान. छाती पुढं, नजर भिंतीवर. लय वेळ उभा होतो. मनात म्हणत होतो, साहेब बोलायला सुरुवात कधी करतात. आणि मग मागून एक हात खांद्यावर आला. मी वळलो तर साहेब कागदावर लिहीत होते, आणि दुसऱ्या पोराला आत बोलवत होते."

त्याने कपातला चहा हलवला आणि म्हणाला, "मला वाटलं सर, अजून माझी सुरूच झाली नाही."